शून्य खर्चाचे विज्ञान कोणाच्या सोयीचे?

दरवर्षी २८ फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांतून एकच कथा सांगितली जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अवघ्या दोनशे रुपयांच्या उपकरणांवर १९२८ साली जगप्रसिद्ध शोध लावला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवले. तेव्हा मुलांनो, आणि विशेषतः गुरुजींनो, साधने नाहीत म्हणून रडत बसू नका! भाषण संपते, टाळ्या पडतात, पाहुणे ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तूंच्या प्रदर्शनाची फीत कापतात, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप पुढच्या २८ फेब्रुवारीपर्यंत जागचे हलत नाही.

रामन यांच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. नागपूरच्या सरकारी हिशेब खात्यातही त्यांनी १९१० च्या सुमारास काही काळ नोकरी केली होती, त्यामुळे वैदर्भीयांना त्यांच्याविषयी अंमळ अधिक आपुलकी वाटते तेही योग्यच. परंतु दोनशे रुपयांच्या या कथेतून काय वगळले जाते ते पाहा. ज्या संस्थेत हा शोध लागला ती कलकत्त्याची ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणी आणि देणग्या जमवून १८७६ साली उभी केली होती. तिथे इमारत होती, प्रयोगशाळा होती, आणि सूर्यप्रकाश एकवटण्यासाठी रामन यांनी वापरलेली सात इंची दुर्बीणही होती. दिवसरात्र हाताशी राबणारे आशुतोष डे यांच्यासारखे सहायक होते, के. एस. कृष्णन यांच्यासारखे सहकारी होते. पन्नास वर्षे समाजाने केलेला खर्च हिशेबातून गाळायचा, अखेरच्या दिवसाची किरकोळ खरेदी तेवढी दाखवायची आणि म्हणायचे, पाहा, विज्ञान किती स्वस्त! एखाद्या व्यापाऱ्याने असा ताळेबंद मांडला असता तर त्याची रवानगी कोर्टात झाली असती.

हा लेख स्वस्त प्रयोगांविरुद्ध नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. किंबहुना शालेय पदार्थविज्ञानाचे निम्म्याहून अधिक प्रयोग घरात, अंगणात आणि शिवारात मिळणाऱ्या वस्तूंनी करता येतात, आणि तसेच ते करावेत, असे माझे मत आहे. माझा वाद आहे तो या सत्याचा जो राजकीय उपयोग चालला आहे त्याच्याशी. स्वस्त साहित्य ही एक शिक्षणपद्धती आहे. तिला शासनाने काटकसरीची पळवाट करून टाकले आहे.

या पद्धतीचा उगम विसरता कामा नये. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील शाळा बेचिराख झाल्या, प्रयोगशाळांची राखरांगोळी झाली. अशा उद्ध्वस्त देशांतील शिक्षकांना मोडक्यातोडक्या सामानातून विज्ञान कसे शिकवता येईल, यासाठी युनेस्कोने जे. पी. स्टीफनसन या इंग्रज शिक्षकाकडून एक छोटी पुस्तिका लिहवून घेतली. तीच वाढत वाढत १९५६ साली विज्ञान शिक्षकांचा प्रसिद्ध संदर्भग्रंथ झाली आणि जगभर गेली. म्हणजे मुळात ती आपत्काळातील तजवीज होती. युरोपातील शाळा पुन्हा उभ्या राहिल्या, प्रयोगशाळा सजल्या. पण तिथल्या शिक्षकांनी हाताने उपकरण बनवण्याची सवय शिक्षणदृष्ट्या मोलाची म्हणून टिकवली. आपल्याकडे नेमके उलटे घडले. मोल विसरले गेले आणि आपत्काळ तेवढा कायम झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. भंडारा हे पितळी भांड्यांचे शहर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा संयोग, हे वाक्य मुले पाठ करतात. पण पितळेचे ८५० ग्रॅम वजनाचे तुकडे घ्यावेत, काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडावेत आणि सांडलेले पाणी मोजनळीत धरावे. ते सुमारे १०० मिलिलिटर भरेल. तेवढ्याच वजनाचे शुद्ध तांबे असते तर ९५ च्या आसपास सांडले असते, आणि जस्त असते तर ११९. या तीन आकड्यांवरून मिश्रणात तांबे किती आणि जस्त किती याचा ढोबळ अंदाज आठवीतले मूल त्रैराशिकाने काढू शकते. ज्या मुलाचा बाप भट्टीवर मोड वितळवतो त्याला त्या दिवशी प्रथमच असे वाटेल की बापाच्या हातातली विद्या आणि पुस्तकातली विद्या यांचे काही नाते आहे. खर्च काय? एक मोजनळी आणि एक तराजू. तुकडे त्याच संध्याकाळी भट्टीवर परत.

हा धानाचा जिल्हा. पऱ्हे टाकण्यापूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात घालावे, दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगलेले पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाशी बसलेले दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत, अशी शिफारस कृषी खाते करीत असते. साध्या पाण्यात बुडणारा अर्धपोकळ दाणा मिठाच्या पाण्यात वर का येतो? आर्किमिडीजचा सिद्धांत शिकवायला याहून चांगला पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकमंडळाने रचला असता? परंतु तो पाठ शेतात राहतो आणि शाळेत आर्किमिडीज ग्रीक राजाच्या मुकुटासह फळ्यावर येतो.

सूर्याला तर बिलही येत नाही. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटरची काठी अंगणात ओळंब्याने सरळ उभी करावी. घड्याळात बारा वाजून गेल्यावर काही मिनिटांनी सावली सर्वांत आखूड होते. ती भंडाऱ्यास सुमारे ३९ सेंटिमीटर भरते. कागदावर काटकोन त्रिकोण काढला, कोनमापक लावला, की आपण विषुववृत्तापासून २१ अंश उत्तरेस राहतो हे मुलाला स्वतःच्या मोजणीने कळते. (सावली अजिबात न पडण्याचे दोन दिवस आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास येतात. पहिला उन्हाळी सुटीत बुडतो, दुसरा ढगांत!)

परंतु मला अधिक विस्ताराने सांगायचे आहे ते टिनाच्या डब्याविषयी. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव मालगुजारी नष्ट झाल्यावर ‘माजी मालगुजारी’ झाले आणि सरकारी कागदात त्यांचे नाव ‘मामा तलाव’ झाले, ही गोष्ट कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे. तलावाची पाळ तळाशी रुंद आणि माथ्याला अरुंद का असते? कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. हे दाखवण्याचा प्रयोग सर्व जगातल्या पुस्तकांत आहे: तेलाच्या रिकाम्या डब्याला उभ्या ओळीत तीन भोके पाडा, डबा पाण्याने भरा, तिन्ही धारा पाहा. आणि कित्येक पुस्तकांतल्या चित्रात सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडलेली दाखवलेली असते.

आता हा प्रयोग खरोखर करून पाहा. डबा जमिनीवर ठेवलेला असेल तर सर्वांत दूर पडते ती मधल्या भोकाची धार. खालची धार सर्वांत वेगाने निघते हे खरे, दाबाचा नियम खोटा नाही; पण जमीन तिच्या अगदी जवळ असल्याने तिला पुढे जायला वेळच मिळत नाही. वरची धार मंद, पण तिला पडायला वेळ भरपूर. मधलीला दोन्हींचा मेळ साधतो. तोच डबा त्याच्याच उंचीच्या स्टुलावर ठेवला की खालची धार सर्वांच्या पुढे जाते आणि चित्र खरे ठरते. म्हणजे पुस्तकातले चित्र अर्धसत्य. आणि ते पकडायला लागला एक रिकामा डबा, एक खिळा, एक स्टूल.

साहित्याची किंमत शून्य, हे मी मान्य करतो. पण या प्रयोगाची किंमत शून्य आहे काय? वर्गात पंचेचाळीस मुले आहेत, तासिका पस्तीस मिनिटांची आहे. पाणी आणायचे आहे, भोके सारखी पाडायची आहेत, धारा मोजायच्या आहेत. आणि निकाल आला पुस्तकाच्या उलट! अशा वेळी शिक्षकापुढे दोनच मार्ग असतात. एक, ‘आपला प्रयोग चुकला, पुस्तकातले लिहून घ्या’ असे म्हणून मोकळे होणे. दुसरा, मुलांना सांगणे की चला, का असे होते ते उद्या पुन्हा करून पाहू. दुसरा मार्ग धरायला त्याला स्वतःला विषयाची पक्की जाण हवी, उद्याची तासिका हवी, अडले तर विचारायला कोणी जाणकार हवा, आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून केंद्रप्रमुख धारेवर धरणार नाही ही शाश्वती हवी. यांतली एकही गोष्ट टाकाऊतून बनत नाही.

इथे अर्थशास्त्राचा एक अगदी प्राथमिक नियम लागू होतो. कारखान्यात बनलेल्या महागड्या उपकरणात प्रयोगाचा निकाल जणू आधीच भरून ठेवलेला असतो. बटण दाबा, काटा योग्य जागी जातो. असे उपकरण सामान्य शिक्षकाच्या हातूनही चालते. घरगुती उपकरण मात्र हटवादी असते. दोरा ताणतो, भोक वाकडे पडते, सेल उतरतो, पाणी झिरपते. ते हाताळायला, चुकीमागचे कारण शोधायला आणि त्या शोधालाच पाठ बनवायला अधिक कुशल, अधिक निर्भय आणि अधिक मोकळा वेळ असलेला शिक्षक लागतो. भांडवलाच्या जागी श्रम आणायचे तर श्रमावरचा खर्च वाढवावाच लागतो. साहित्य जसजसे स्वस्त होत जाईल तसतसा शिक्षक महाग व्हायला हवा. आमच्या राज्यकर्त्यांनी मात्र साहित्यही काढून घेतले आणि शिक्षकही स्वस्त केला.

२००० साली शिक्षणसेवक नावाची जात निर्माण झाली. तीन वर्षे मानधनावर राबणारा, आरंभी तीन हजार रुपयांत आणि २०२३ पासून सोळा हजारांत प्राथमिक शाळा सांभाळणारा तरुण. त्याच्याकडून आपण पुस्तकाला उलट प्रश्न विचारण्याची हिंमत मागतो आहोत. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्यापुरती शिक्षकांची अशैक्षणिक कामे मर्यादित केली, पण पोषण आहाराच्या नोंदी आणि संगणकावरील माहित्या भरण्यात त्याचा दिवस कसा जातो हे कोणत्याही गावातल्या पालकाला विचारा. खाजगी अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षानुवर्षे बंद राहिले. खडू, मोजनळ्या, आम्ल, सेल हे सगळे याच अनुदानातून यायचे. पुढे डिसेंबर २०२० मध्ये याच शाळांतील शिपाई, पहारेकरी, परिचर यांची पदे रिकामी होतील तशी गोठवून त्यांच्या जागी ठोक भत्ता देण्याचा निर्णय झाला. प्रयोगानंतर काचसामान धुऊन जागेवर ठेवणारा माणूस हा चैनीचा खर्च ठरला!

कुलूपबंद कपाटाचा विषयही याच सदरात येतो. उपकरणे एकदा खरेदी झाली की जडवस्तू नोंदवहीत चढतात, आणि ती वही ज्याच्या ताब्यात तो त्यांचा जामीनदार. मूल म्हणजे काच फुटणारच. पण नोंदवहीला फुटतूट मान्य नाही. फुटलेली परीक्षानळी खारीज करून घेण्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागतो त्यापेक्षा ती कपाटातच ठेवणे शहाणपणाचे, असे शिक्षकाने ठरवले तर दोष त्याचा नाही. आपल्या अर्थव्यवस्थेत भांडवली खर्च हा समारंभ असतो आणि आवर्ती खर्च ही कटकट असते. कपाट देता येते, फोटो निघतो. दरवर्षी फुटणाऱ्या दहा नळ्यांचा फोटो कोण काढणार? मग दहावीच्या विज्ञानातले वीस प्रात्यक्षिक गुण प्रयोगवही सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्याबद्दल दिले जातात. आंदोलनाचा काल, भिंगाचे नाभीय अंतर, सारे आकडे मोठ्या भावाच्या वहीतून आलेले. एक मीटर दोऱ्याला नट बांधून वीस झोके मोजले तर चाळीस सेकंद लागतात, हे पाहायला लागते ते केवळ मनगटी घड्याळ. तेही पाहिले जात नाही. कारण गुण झोक्यांना नाहीत, अक्षराला आहेत.

हे सारे अटळ आहे असे जर कोणी म्हणेल तर त्याने होशंगाबादचा इतिहास वाचावा. १९५६ पर्यंत भंडारा आणि होशंगाबाद हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि दोघांचीही राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत वाटा फुटल्या. १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे मित्र मंडळ केंद्र यांनी त्या जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली, आणि पुढे पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांपर्यंत तो पोचला. या सरकारी शाळा होत्या, खेड्यातल्या होत्या. टेल्कोतील नोकरीतून एक वर्षाची रजा काढून तिथे गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे सांगाडे तिथेच रचले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी देशभर गेली, आणि त्यांची पुस्तके आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

होशंगाबादच्या कौतुकात लोक आगकाड्यांपाशीच थांबतात. त्या कार्यक्रमाचा कणा काड्यांचा नव्हता. शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणे होती, जिथे मुलांनी करायचा प्रत्येक प्रयोग शिक्षकाने आधी स्वतः करायचा. दर महिन्याला शिक्षकांची बैठक होती, अडलेले प्रश्न तिथे सुटायचे. ‘बालवैज्ञानिक’ नावाची कार्यपुस्तके राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमाने छापली होती. शाळेला साहित्याची पेटी मिळायची आणि संपलेले, फुटलेले साहित्य भरून द्यायची व्यवस्था होती. परीक्षाच बदलली होती: पुस्तक उघडे ठेवून लेखी, आणि शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची. साहित्य स्वस्त आणि शिक्षकावरचा खर्च उदार, असे हे गणित होते. २००२ साली मध्य प्रदेश शासनाने कार्यक्रम बंद केला. तो महाग होता म्हणून नव्हे. मुलांना निरनिराळ्या जिल्ह्यांत निरनिराळे विज्ञान नको, सर्वांना एकच पुस्तक हवे, हा युक्तिवाद पुढे आला. तीस वर्षे सिद्ध झालेली स्वस्त पद्धत एका आदेशाने जाते, यावरून तरी ‘पैसा नाही’ ही खरी अडचण नव्हती हे ध्यानात यावे. आपल्याकडेही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदे परिसरातल्या शाळांत चांगले काम केले. प्रकल्प संपला, अहवाल राहिले.

आता पैशांचेच बोलू. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला दहा हजार आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला पंचवीस हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. उरलेल्यात विजेचे बिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती, खडू, रजिस्टर आणि शेवटी, काही राहिलेच तर, विज्ञान. दुसरीकडे २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. निवडलेल्या एका शाळेला वीस लाख रुपये: दहा लाख उभारणीला, दहा लाख पाच वर्षे चालवायला. मूळ निकषांत दीड हजार चौरस फूट बांधीव जागेची अट होती. म्हणजे जिच्याकडे आधीच आहे तिलाच मिळणार. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी पन्नास हजार अशा प्रयोगशाळांची घोषणा झाली. घोषणेचे स्वागत करण्यापूर्वी एक गुणाकार करावा. फुटतूट आणि संपणाऱ्या साहित्यासाठी शाळेला वर्षाला अडीच हजार रुपये, एवढेच आपण धरू. एका टिंकरिंग प्रयोगशाळेच्या वीस लाखांत अशा १६० शाळा पाच वर्षे चालतात. त्रिमितीय छपाईयंत्र एका गावाला, आणि एकशे साठ गावांना ‘रामन यांच्याकडे तरी काय होते?’

या राज्यात पैसा नाही असे म्हणणाऱ्यांना पवनी तालुक्यात घेऊन जावे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली तो गोसीखुर्द प्रकल्प मुळात ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्याही वर गेला, आणि मंत्रालयात कोणाच्या भुवया फारशा उंचावल्या नाहीत. धरण नको असे मी म्हणत नाही. पण ज्या तिजोरीला तेवढी वाढ पचते तिने मोजनळीसाठी मुलांना शिशीला कागद चिकटवायला सांगावे, यातला विनोद कडू आहे.

आमच्यातल्याच काही मित्रांचा आक्षेप निराळा आहे, आणि तो आदरपूर्वक ऐकला पाहिजे. ते म्हणतात: श्रीमंतांच्या शाळेत खरी प्रयोगशाळा आणि गरिबांच्या शाळेत डबे-बाटल्या, ही दुहेरी व्यवस्था तुम्ही तत्त्वज्ञानाने सजवता आहात. मागायचे तर सर्वांना सारखे मागा. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच म्हटले होते की शेतकऱ्याच्या घामाचा सारा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो. या मित्रांची विषमतेवरची चीड शंभर टक्के योग्य आहे. परंतु तिचा निष्कर्ष चुकतो. नागपुरातल्या महागड्या शाळेत बटण दाबून काटा हलवणारे मूल विज्ञान शिकते असे गृहीत धरण्याचे कारण नाही; तेही बहुधा निकाल पाठच करते, फक्त वातानुकूलित खोलीत. डब्याची धार त्यालाही मोजू द्यावी. आपली मागणी सर्वांना सारखे यंत्र अशी नसून सर्व शाळांत, गरीब आणि श्रीमंत, मुलाच्या हातात साहित्य आणि शिक्षकाच्या हातात वेळ अशी असली पाहिजे. जिथे काचेशिवाय, भिंगाशिवाय, चांगल्या विद्युत्‌मापकाशिवाय चालत नाही तिथे ते उत्तम प्रतीचेच हवे. पितळेचे तुकडे फुकट मिळतात, पण मिलिलिटर अचूक दाखवणारी नळी फुकट मिळत नाही, आणि पाच मिलिलिटरच्या फरकावर जिथे सारा प्रयोग उभा आहे तिथे शिशीला चिकटवलेला कागद चालत नाही.

आणि आता सर्वांत मोठी विसंगती. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार पुढे आणला. त्याच महिन्यात शाळा दत्तक देण्याची योजनाही आली, म्हणजे जे शासनाचे कर्तव्य ते दात्याच्या मर्जीवर. लहान शाळा बंद करण्याचे समर्थन काय? तर अशा शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयशिक्षक देणे परवडत नाही. मुलांना मोठ्या शाळेत नेऊ, तिथे सुविधा देऊ. म्हणजे २८ फेब्रुवारीला ज्या शासनाच्या मते विज्ञानाला खर्चच लागत नाही, त्याच शासनाला सप्टेंबरात अठरा मुलांच्या शाळेतले विज्ञान परवडत नाही! दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. दोन्हींमध्ये समान धागा एकच आहे: दोन्हींचा शेवट शासनाने खर्च न करण्यात होतो.

वस्तुतः प्रयोगाच्या दृष्टीने लहान शाळा ही अडचण नसून संधी आहे. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात तीन मुले प्रयोग करतात आणि बेचाळीस माना उंचावतात. अठरा मुलांत सहा-सहाचे तीन गट पडतात, तीन डबे पुरतात, प्रत्येक हाताला पाणी लागते. साकोली-लाखांदूरकडच्या जंगलालगतच्या गावातली अशी शाळा बंद करून तिथल्या मुलींना कित्येक किलोमीटर दूर पाठवायचे, म्हणजे पावसाळ्यात नाला भरला की घरी बसवायचे. रोवणीच्या दिवसांत एकदा घरी बसलेली मुलगी परत किती वेळा शाळेत येते, हे कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

घटनेच्या ५१ अ कलमाने १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आपण सभा घेतो, मोर्चे काढतो, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यासाठी प्राण दिले. परंतु ज्या मुलाला दहा वर्षे शाळेत शिकवले गेले की डोळ्यांना दिसलेली धार खोटी आणि पुस्तकातले चित्र खरे, ते मूल मोठेपणी बाबाच्या अंगाऱ्याविषयी शंका कोणत्या सवयीने घेणार? पुस्तकाला भिणारा मनुष्य बुवालाही भितो. म्हणून हा प्रश्न केवळ शिक्षकसंघटनांचा नाही, पक्षाचा आहे.

जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत आपले कार्यकर्ते कोठे ना कोठे शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. शिक्षण हक्क कायद्याने या समितीला शाळेच्या खर्चावर देखरेख करण्याचा आणि विकास आराखडा करण्याचा अधिकार दिला आहे. तो बहुतेक ठिकाणी सही करण्यापुरता उरला आहे. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारावे की गेल्या वर्षीच्या संयुक्त अनुदानातून विज्ञानाच्या साहित्यावर किती रुपये गेले; कपाट वर्षातून किती वेळा उघडले; फुटलेल्या वस्तू खारीज करण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला किती रकमेपर्यंत आहे. ठराव करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा की फुटतूट वसुली शिक्षकाच्या माथी मारली जाणार नाही, विज्ञानासाठी दर आठवड्याला एक सलग जोडतासिका मिळेल, आणि केंद्रपातळीवरची मासिक शिक्षण परिषद परिपत्रके वाचण्याऐवजी एखादा प्रयोग करून पाहण्यासाठी वापरली जाईल. ही शेवटची मागणी तर खरोखरच बिनखर्चाची आहे. तिच्यावर शासन काय उत्तर देते ते पाहण्यासारखे ठरेल. ठरावांच्या प्रती आणि आलेली उत्तरे तालुकावार जमवावीत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या पुढच्या अंदाजपत्रकी सभेपूर्वी आपल्या सदस्यांच्या हाती भाषणाऐवजी आकडे असतील.